पाण्याची पाळी : डायलिसिसवरच्या एका मावशीच्या प्रार्थनेचे प्रकरण

"बरी होणार नाही हे मला कळलंय. मग आता देवाकडे मागायचं तरी काय, ते सांग."

2022 च्या पावसाळ्यात, ओटीवर पागोळ्या गळत असताना मावशीने मला हे विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते, तरी मी दिले, आणि ते चुकले. तिथपासून पुढच्या अडीच-तीन वर्षांत तिच्या प्रार्थनेचे काय काय झाले ते इथे सविस्तर मांडते आहे. आमच्यासारखे जे लोक कायमच्या आजाऱ्यांकडे जाऊन बसतात, त्यांना यातले काही उपयोगी पडेल असे वाटते.

मी वसईतल्या एका धर्मग्रामात (म्हणजे एका चर्चच्या हद्दीत) आजाऱ्यांना भेटी देणाऱ्या गटात आहे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर घरोघरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेऊन जातात, त्यांच्याबरोबर जायचे आणि मधल्या दिवसांत आपण एकटीने चक्कर टाकायची, एवढेच काम. मावशीचे नाव देत नाही. लिहायला तिची परवानगी आहे, एका अटीवर : "माझं चांगलं चांगलं तेवढंच लिहू नकोस." आम्ही आपसात इथल्या कादोडी बोलीतच बोलतो. तिची वाक्ये इथे रोजच्या मराठीत दिली आहेत.

तिचे घर वाडीवाले. केळी, अळू, थोडी फुले. लग्न झाल्यापासून सत्तावीस वर्षे तिने पहाटेच्या विरार लोकलने दादरला माल नेला. डोक्यावर टोपली, पायाखाली प्लॅटफॉर्म आणि गाडीत बसायला जागा मिळाली तर जपमाळ. चाळिशी उलटल्यावर मधुमेह निघाला, मागोमाग रक्तदाब. गोळ्या चालू होत्या, पण दादरच्या धावपळीत कधी चुकायच्या. एकसष्टाव्या वर्षी पाय सुजले, जेवण जाईना, तोंडाला धातूची चव येऊ लागली. तपासणीत दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ संपलेली निघाली. जून 2022 पासून आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस : मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा. खर्च सरकारी आरोग्य योजनेत बसला म्हणून घर टिकले. मूत्रपिंड बदलण्याचा विचार झाला, पण हृदयाच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला.

हा आजार ज्यांनी घरात पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते, कारण पुढची प्रार्थना याच गोष्टींतून आली. डाव्या मनगटाजवळ शस्त्रक्रियेने रोहिणी नीलेला जोडतात. महिना-दीड महिन्यात ती नीला फुगून जाड होते. हा फिस्टुला. त्यात दोन जाड सुया टोचतात, एकीतून रक्त मशीनकडे जाते, दुसरीतून परत येते. मिनिटाला 250 ते 300 मिलिलिटर, म्हणजे चार तासांत तेच पाचेक लिटर रक्त फिरून फिरून 60-70 लिटर होते. ते धुवायला त्याच चार तासांत मशीनमधून सुमारे 120 लिटर शुद्ध पाणी जाते. आणि त्या मशीनला लावलेल्या माणसाला प्यायला पाणी मोजून. लघवी होत नाही, म्हणून प्यायलेले सगळे अंगातच राहते. मावशीला दिवसाला पाऊण लिटर ठरवून दिले आहे, त्यात चहाही आला, आमटीही आली. शहाळे बंद, कारण त्यात पोटॅशियम भरपूर. केळी बंद. सुकेळी बंद. जिच्या अंगणात दर साली राजेळी केळी सोलून उन्हात वाळत पडायची, तिने सुकेळी चाखायचीही नाही. सुकी मासळी मिठामुळे बंद. भाज्या चिरून, उकळून, पाणी फेकून मग करायच्या.

पहिल्या काही महिन्यांतली तिची प्रार्थना सगळ्यांची असते तीच होती : बरे कर. बुधवारी मशीन नसते, म्हणून ती माहीमच्या नोव्हेनाला, म्हणजे लागोपाठ नऊ बुधवारांच्या प्रार्थनेला, गेली. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेत गेली. तिथल्या दुकानांत हात, पाय, डोळे असे मेणाचे अवयव मिळतात. मूत्रपिंडाचे मेण मिळाले नाही, म्हणून तिने अख्ख्या बाईची मेणाची बाहुली घेतली आणि वाहिली. मला हे सांगताना तिला जरा लाज वाटत होती. मला नाही वाटली. आजाऱ्याने बरे होण्यासाठी मागणे यात कमीपणा काही नाही. आरोग्यासाठीच्या प्रार्थनांबद्दल रोमहून 2000 साली जे सूचनापत्र निघाले त्यातही आरोग्याची ओढ चांगली आणि अगदी माणसाची आहे, असेच म्हटले आहे.

पण नऊ बुधवार झाले, जत्रा झाली, दिवाळीच्या सुमारास तिची उरलीसुरली आशाही गेली, आपले मशीन सुटणार नाही हे तिने मनातून मान्य केले. तो पागोळ्यांतला प्रश्न ती आधीच विचारून बसली होती. आता ती त्याच्या उत्तराची वाट बघत होती.

माझे उत्तर असे होते : "मावशी, तुझं दुःख ख्रिस्ताच्या दुःखाला जोडून अर्पण कर. त्याला मोल आहे."

यात खोटे काही नाही. संत पौल बायबलमधल्या कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात हेच म्हणतो, आणि संत जॉन पॉल दुसरे यांनी 11 फेब्रुवारी 1984 रोजी, लुर्डच्या मातेच्या सणाला, मानवी दुःखावर जे पत्र लिहिले त्याचा गाभा हाच आहे. तरी ते बोलायची ती वेळ नव्हती. ज्या बाईचे रडून झालेले नव्हते तिला मी सरळ अर्पण करायला सांगितले. तिने मान डोलावली, मला चहा दिला, आणि पुढचे दोन महिने माझ्याशी प्रार्थनेबद्दल एक शब्द बोलली नाही. मला वाटले, पटले. तिला वाटले होते की हिच्याजवळ आपले काही बोलता येणार नाही. आमच्या गटात ही चूक वारंवार होते. ख्रिस्ती माणसाकडे दुःखाला अर्थ देणारे शब्द तयार असतात, आणि तयार शब्द फार लवकर तोंडातून निघतात.

मग 2023 चा उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, आला.

कुणाच्या तरी ओळखीने ती एका आरोग्य-सभेला गेली. मंडप, मोठे स्पीकर, डोक्यावर हात ठेवून ओरडून केलेली प्रार्थना. सभा कुणाची होती ते लिहित नाही. बोलणाऱ्याने तिला सांगितले की बरे झाल्याचा विश्वास धरला असेल तर आता औषध घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे. मावशी घरी आली. गुरुवारी मशीनला गेली नाही. शनिवारीही गेली नाही. काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, म्हणाली, बरं वाटतंय. वाटतही असेल. रविवारी रात्री तिला आडवे होता येईना. उशा रचून बसवली, पहाटेपर्यंत श्वास घुरघुरू लागला. फुप्फुसांत पाणी भरले होते आणि पोटॅशियम 6.9 वर गेले होते. डॉक्टर काकांना म्हणाले की आणखी दोन तास उशीर झाला असता तर हृदय थांबले असते. सोमवारी पहाटे तातडीने डायलिसिस झाले.

ती वाचली. पण त्यानंतरचे दिवस मला त्या रात्रीपेक्षा जड गेले. एक शेजारीण येऊन म्हणाली, विश्वास कुठेतरी कमी पडला असेल. दुसरीने आणखी मागे जाऊन विचारले, घराण्यात कुणाचे काही राहून गेले आहे का. मावशीने हे सगळे ऐकून घेतले. नंतर माझ्याजवळ म्हणाली, "म्हणजे आजारही माझा आणि गुन्हाही माझाच."

फादर आले तेव्हा तिच्या खाटेजवळ बसून त्यांनी उपदेश काही केला नाही. योहानच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढला. जन्मांध माणसाकडे बघून शिष्य विचारतात, पाप कुणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानेही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. फादरांनी ते दोनदा वाचले. मग आपल्या कॅथलिक बायबलमधल्या सिराखच्या पुस्तकातला 38 वा अध्याय काढला. त्यात आजाऱ्याने देवाची प्रार्थना करावी असे आहे आणि त्याच ओघात वैद्यालाही त्याची जागा द्यावी, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले, असे आहे. "मावशी," फादर म्हणाले, "मशीनला जाणं हाही तुमच्या विश्वासाचाच भाग आहे. मशीन सोडायला सांगणारा आवाज प्रभूचा नव्हता." 2000 च्या त्या सूचनापत्रात अशा सभांमधला उन्माद आणि नाटकीपणा टाळण्याची स्पष्ट ताकीद आहे, हेही त्यांनी काकांना बाहेर ओटीवर सांगितले.

त्याच भेटीत त्यांनी आजाऱ्यांच्या अभ्यंगाचा विषय काढला. मावशीचा चेहरा पांढरा पडला. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या मनात ते 'शेवटचं तेल' आहे. फादर तेल घेऊन घरात शिरले की माणूस गेलाच. फादरांनी समजावले की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्येच सांगितले, हा संस्कार फक्त मरणाच्या दारात असलेल्यांचा नाही, आणि 1972 पासून त्याचा विधीही नव्याने लावून दिला आहे. आजार बळावला की तो पुन्हाही घेता येतो. तिने एक आठवडा मागितला. नंतर घेतला. कपाळाला तेल लावले, मग दोन्ही तळहातांना. डाव्या मनगटावर सुयांच्या जागी पट्टी होती. फादरांनी तो हात खालून, नवजात बाळाची मान धरावी तसा धरला. मावशी त्या वेळी प्रथमच मोठ्याने रडली. मी स्वयंपाकघरात गेले. या वेळी मध्ये बोलायचे नाही एवढे मला कळत होते.

मशीन चालू, पथ्य चालू, आणि प्रार्थना जवळजवळ बंद, असे पुढचे काही आठवडे गेले. डायलिसिसहून आल्यावर तिच्या अंगात त्राण नसायचे. संध्याकाळी जपमाळ हातात घेतली की दुसऱ्या दशकात (एक दशक म्हणजे दहा नमो मरिया) डोळा लागायचा, आणि जागी झाली की अपराधी वाटायचे. उपवासकाळातला उपवास मोडल्याचेही तिला खुपत होते. तिला सांगावे लागले की चर्चच्या नियमात उपवास 59 वर्षांपर्यंतच्यांना आहे आणि आजाऱ्याला तर नाहीच. डायलिसिसवरच्या माणसाला प्रथिने कमी पडून चालत नाही, तिने अंडे खायलाच हवे. आमच्या गटाबरोबर एक वृद्ध सिस्टर येतात (म्हणजे व्रतस्थ सिस्टर, दवाखान्यातल्या नव्हेत). त्यांनी तिला लिझ्यूच्या संत तेरेसाचे सांगितले. क्षयाने चोविसाव्या वर्षी, 1897 मध्ये गेलेली ही मुलगी प्रार्थनेत चक्क झोपी जायची, आणि म्हणायची की लेकरे जागी असोत की झोपलेली, आईबापांना सारखीच आवडतात. मावशीने हे ऐकले आणि त्या रात्री माळ उशाखाली ठेवून सरळ झोपली.

सिस्टरांनीच तिला 88 वे स्तोत्र दिले. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी एकदा वाचावे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही. अठराव्या ओवीत ते अंधारातच संपते. मावशीला ते मी हळूहळू वाचून दाखवले. संपल्यावर ती म्हणाली, "हे बायबलात आहे?" आहे म्हटल्यावर, "मग मलाही असंच बोलता येईल." तिची प्रार्थना पुन्हा सुरू झाली ती तक्रारीपासून. माझ्या मते तिच्या प्रकरणातले खरे वळण हेच. यानंतर जे चांगले झाले ते या तक्रारीच्या परवानगीतून झाले.

त्या तक्रारीतली मोठी तक्रार तहानेची होती. एप्रिल-मेमध्ये वसईत खाऱ्या दमट हवेत नुसते बसून घाम येतो. तिच्याजवळ अर्ध्या लिटरची स्टीलची बाटली असते. दिवसभराचे पाणी त्यात, बाकी पाव लिटर चहा-आमटीला. कधी बर्फाचा खडा तोंडात धरते, कधी नुसती चूळ भरून थुंकते. 2023 च्या उत्तम शुक्रवारी, 7 एप्रिलला, तिला देवळात नेता आले नाही. मी दुःखसहनाचा वृत्तान्त घरी वाचला. "मला तहान लागली आहे" हे क्रुसावरच्या येशूचे शब्द आले आणि तिने हाताने थांबवले.

"त्याला पाणी दिलं का कुणी?"

"आंब दिली, आंबलेला द्राक्षरस, बोळ्याला लावून."

ती बाटलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्याला माहीत आहे." एवढेच. तेव्हापासून तहान असह्य झाली की ती शब्दांत काही मागत नाही, ते एक वाक्य म्हणते. मी तिला अर्पण करायला सांगितले होते. तिने आपले आपण काहीतरी वेगळे केले : तहान लागलेला माणूस तिला सोबतीला सापडला. नंतर कधी तरी तिने 'अर्पण' हा शब्द स्वतःहून वापरला, पण तो तिच्या वाटेने आला होता.

हेतूची गोष्ट मात्र अजून आलेली नव्हती. "मी आता कशासाठी?" हा प्रश्न तिच्यासारखीला फार सतावतो. सत्तावीस वर्षे घर टोपलीवर चालवलेले. आता सून भाजी उकळून देते, मुलगा सोडायला-आणायला जातो, काका गोळ्या मोजून ठेवतात. आपण घरातले ओझे झालो आहोत असे ती बोलायची नाही. डायलिसिसचे दिवस कमी करता येतील का, असे विचारायची. त्याचा अर्थ तोच होता.

त्या साली जूनमध्ये आमच्या गटात योहानचा पाचवा अध्याय वाचला गेला. बेथेस्दाचे तळे, पाच ओवऱ्या, त्यांत पडलेले अनेक आजारी, आणि त्यातला 38 वर्षे आजारी असलेला एक माणूस. पाणी हलले की मला तळ्यात सोडायला कुणी नाही, असे तो सांगतो. येशू त्याला उठवतो. आम्ही सगळे त्या माणसाबद्दल बोललो. मावशी गप्प होती. शेवटी म्हणाली, "त्या दिवशी एकटाच उठला. बाकीचे तिथंच राहिले ना? त्यांच्यासाठी कुणी बोललं का?"

आम्हांला कुणालाच हे सुचले नव्हते. शुभवर्तमानात त्या बाकीच्यांचे पुढे काही येत नाही. मावशीला मात्र ती जागा ओळखीची होती. तिच्या डायलिसिसच्या खोलीत आठ मशीन आहेत, आठ खाटा, आणि पाण्याकडे बघत पडलेली आठ माणसे. "मी त्या ओवरीतलीच आहे," ती म्हणाली. "मी उठले नाही म्हणून काय झालं? माझ्या बाजूला कोण पडलंय ते मला दिसतं. उठून गेलेल्याला नाही दिसत."

पुढच्या मंगळवारपासून तिने चार तास वाटून घेतले. सामाईक विहिरीवर घराघराची पाण्याची पाळी असायची, ती पद्धत तिच्या अंगात मुरलेली. आपल्या पाळीला दंडाने, म्हणजे छोट्या पाटाने, पाणी एकेका अळ्याला सोडायचे, एक भरले की बांध फोडून दुसऱ्याला. तसे तिने पहिला तास सोडून दिला, कारण सुया टोचतात, रक्तदाब खालीवर होतो, त्या तासात तिच्याकडून काही होत नाही. उरलेल्या तीन तासांत तीन खाटा. एकेका खाटेला एक दशक, कधी दोन. डावा हात हलवायचा नसतो, उजव्या हातातली माळ पायांत गोळे आले की निसटते, म्हणून ती अंगठ्याने बोटांची पेरे मोजते. दहा पेरांवर दहा नमो मरिया. पलीकडे मशीनचा अलार्म वाजतो, दवाखान्यातली सिस्टर धावते, मावशीचा अंगठा त्या पेरावर थांबून राहतो, अलार्म बंद झाला की पुढे सरकतो. मी हे एकदा खाटेजवळ बसून पाहिले आहे. गुडघ्यापर्यंत चादर, डोळे अर्धे मिटलेले, आणि त्या अंगठ्याची अतिशय हळू चाललेली ये-जा. बाहेरून बघणाऱ्याला ही बाई झोपली आहे असेच वाटेल.

तिने आणखी एक केले, जे मला फार महत्त्वाचे वाटते. ती आधी विचारते. शुभवर्तमानातल्या आंधळ्या बार्तिमयाला येशूने विचारले होते, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवे असणार हे उघड असूनही विचारले. मावशी शेजारच्या खाटेवरच्या सोपाऱ्याच्या रिक्षावाल्याला म्हणाली, "मी माझ्या देवाकडे तुझ्यासाठी काय मागू?" तो मुसलमान. त्याने थोडा विचार करून सांगितले, "आंटी, मुलीचं दहावीचं बघा." स्वतःच्या आजाराचे काही नाही. पलीकडच्या अर्नाळ्याच्या कोळ्याच्या पोराने, वय चोवीस, स्पष्ट सांगितले, "नको मावशी. माझं नाव नका घेऊ." तिने घेतले नाही. "मग त्याच्या खाटेचा तास?" मी विचारले. "त्याची मशीन नीट चालावी म्हणून मागते. मशीनने नाही म्हटलेलं नाही." तिच्या प्रार्थनेत कुणाला आपल्या धर्मात ओढायचा विचार नव्हता, आणि तो असता तर त्या खोलीत तिच्याजवळ कुणी मन मोकळे केले नसते.

ज्या गोष्टीला हेतू म्हणतात ती तिला इथे मिळाली असे मी म्हणेन. मात्र माझा शब्द नीट समजून घ्यावा. देवाने तिला मूत्रपिंडाचा आजार या कामासाठी दिला, असे मी म्हणत नाही, आणि कुणी म्हटले तर मी तिथे वाद घालते. आजाराला हेतू होता की नाही हे मला ठाऊक असण्याचे कारण नाही. प्रार्थनेला मात्र आता काम होते. मंगळवारी पहाटे उठताना तिला जायचे असायचे. "मला नेतात" असे ती पूर्वी म्हणायची, आता "मला जायचंय" म्हणू लागली. डायलिसिसचे दिवस कमी करण्याचा विषय त्यानंतर तिने काढला नाही. सिस्टरांनी पुन्हा तेरेसाची आठवण काढली. कॉन्व्हेंटच्या भिंतीबाहेर न पडलेली ती आजारी मुलगी शेवटच्या दिवसांत बागेत कशीबशी पावले टाकायची आणि म्हणायची, मी एका मिशनऱ्यासाठी चालते आहे. 1927 मध्ये चर्चने तिला संत फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीने मिशनकार्याची आश्रयदात्री केले. मावशी म्हणाली, "ती चालायची. मी तर पडून आहे. बरंच सोपं आहे माझं." हे ती मनापासून म्हणत होती.

यातही एक धोका होता आणि तो मी वेळेवर ओळखला नाही. त्या वर्षी नाताळाच्या सुमारास रक्तदाब वारंवार कोसळू लागला. दोन तासांनंतर तिला भान नसायचे. पाळी चुकू लागली, तशी ती पुन्हा खचली. "आज दोनच खाटा झाल्या." प्रार्थना दादरच्या टोपलीसारखी झाली होती, किती खपले आणि किती उरले. फादरांनी तिला एवढेच विचारले, "तुम्ही आजारी होतात त्या दिवशी विहिरीवरची तुमची पाळी कोण चालवायचं?" ती म्हणाली, दीर. मग त्यांनी तिच्या पाळीला दीर नेमले. त्या महिन्यापासून आमच्या गटातले एकेक जण मंगळ, गुरु, शनिवारी सकाळी सात ते अकराच्या मध्ये तिच्या खाटांसाठी एक दशक म्हणतो. तिने जेवढे केले तेवढे केले, उरलेले आम्ही. मला हे आधी सुचायला हवे होते. मी इतके दिवस तिच्या प्रार्थनेचे कौतुक करत होते आणि तिला त्यात एकटी सोडली होती.

रोज सकाळी ती आणखी एक गोष्ट करायची. फिस्टुल्यातून रक्त जोराने वाहत असल्याने त्यावर तळहात ठेवला की हलकी भुणभुण लागते, भुंगा मुठीत धरल्यासारखी. ती रोज तपासायला डॉक्टर सांगतात, कारण ती थांबली तर फिस्टुला बंद पडला असे समजायचे. मावशीने तीच सकाळची पहिली प्रार्थना केली होती. डोळे उघडायच्या आधी उजवा तळहात डाव्या मनगटावर. भुणभुण लागली की क्रुसाची खूण. शब्द नाहीत.

ऑगस्ट 2024 मध्ये एका सकाळी तिने हात ठेवला आणि काहीच लागले नाही. तिने काकांना उठवले, सातच्या आत ती दवाखान्यात होती. गाठ काढायचा प्रयत्न झाला, पण फिस्टुला वाचला नाही. गळ्याजवळ परमकॅथ, म्हणजे डायलिसिससाठीची नळी, बसवली. तिथे जंतुसंसर्गाची भीती, डोक्यावरून अंघोळ बंद, कूस बदलताना जपायचे. मला वाटले, आता सगळे परत पहिल्यापासून. पहिल्या शुक्रवारी आम्ही गेलो तेव्हा मी बिचकतच विचारले, सकाळी काय करतेस. ती म्हणाली, "हात जातोच तिथं. काही लागत नाही. तरी ठेवते." मग थोड्या वेळाने, "88 वं स्तोत्र असंच आहे ना, शेवटी काही नसलेलं."

अर्नाळ्याचा पोरगा त्या महिन्यात तिच्या खाटेजवळ येऊन उभा राहिला आणि गळ्यातली नळी बघून म्हणाला, मला पण आधी तीच होती, घाबरू नका. नाव घ्यायला त्याने अजून सांगितलेले नाही. रिक्षावाल्याची मुलगी दहावी झाली आणि कॉमर्सला गेली. त्याचे पोटॅशियम मात्र सतत वाढते, तो ऐकत नाही, शहाळे पितो. मावशी त्याला रागावते आणि मग त्याच्या तासाला दोन दशके म्हणते.

जानेवारी 2025 मध्ये त्याच डाव्या हाताला, कोपराजवळ, नवा फिस्टुला केला. टाके काढल्यावर चार-पाच दिवसांनी मी गेले. ती ओटीवर बसली होती. अंगणात सुनेने राजेळी सोलून चटईवर पसरली होती, ऊन त्यांच्यावर होते. नवा फिस्टुला पिकायला अजून महिना-दीड महिना, तोवर सुई नाही, गळ्यातूनच चालायचे. तिने पदर सारला, माझा हात धरला आणि कोपराच्या आत ठेवला.

"बघ. तुझ्या हाताला लागतं का?"

आधी मला काही कळले नाही. तिने माझी बोटे जराशी वर सरकवली आणि धरून ठेवली.